कासव ओढणारा उंदीर आणि हाँगकाँगची खोली

हाँगकाँगच्या कँटनी बोलीत एक म्हण आहे : 'लोऊ स्यू लाय ग्वाय'. उंदीर कासव ओढतोय. म्हणीचा पुढचा अर्धा भाग बहुतेक वेळा कुणी बोलत नाही, कारण तो ऐकणाऱ्याला ठाऊक असतो : हात घालायला जागाच नाही. कासवाने मान आणि पाय आत ओढून घेतले की उरते ती गोल, गुळगुळीत पाठ. दात रुतत नाहीत, नख्या सटकतात. उंदीर दमून जातो आणि कासव होते तिथेच राहते. एखादे काम पुढे सरकेनासे झाले, सुरुवात कुठून करावी हेच उमगेना, की ऑफिसात, शाळेत, स्वयंपाकघरात लोक हे सहज बोलून जातात.

या म्हणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती उंदराला आळशी म्हणत नाही. तो कमी ताकदीचा आहे, त्याची जिद्द कमी पडली, असा आरोप तिच्यात कुठेही नाही. पकड मिळण्याजोगी जागाच नव्हती, एवढेच ती सांगते. आपल्याकडे अडलेल्या माणसाला 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हे ऐकवायची सवय आहे. त्या श्लोकाचा शेवट मात्र आपण विसरून गेलो. वाळूतून तेल निघेलही, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असे म्हणून तो श्लोक संपतो, म्हणजे प्रयत्नांची हद्दच सांगतो. आपण पहिली ओळ तेवढी ठेवली आणि तिचा उपदेश केला.

हाँगकाँगमध्येही हा उपदेश भरपूर चालतो. तिथे त्याला 'लायन रॉक स्पिरिट' म्हणतात. कौलून या शहरभागाच्या डोक्यावर सिंहासारखा दिसणारा एक डोंगर आहे. चीनमधून आलेल्या निर्वासितांनी त्याच्या पायथ्याशी झोपड्या बांधल्या, कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या, मुलांना शिकवले आणि शहर उभे केले. ही हकीकत खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. पण पुढे मंत्री आणि बिल्डर तिचा आधार घेऊन तरुणांना सांगू लागले : आमच्या पिढीने कष्ट केले, तुम्हीही करा, घर मिळेल. इथे मात्र ही हकीकत अर्धीच सांगितली जाते. त्या पिढीला पकडायला काहीतरी दिले गेले होते. आजच्या पिढीच्या हातून ते काढून घेतले गेले आणि वर तिलाच विचारले जाते की तुला ओढता का येत नाही.

हाँगकाँगच्या घरांचा प्रश्न निघाला की दोन्ही बाजू हताश सूर लावतात. भाडेकरू म्हणतो, काहीच हाताला लागत नाही. सरकारही म्हणते, प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे. माझे म्हणणे असे की पहिल्याचे खरे आहे आणि दुसऱ्याचे नाही.

आधी ती खोली पाहू. शाम शुई पो, मोंग कोक, तो क्वा वान या जुन्या कौलूनच्या वस्त्यांत लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती आहेत. तिथला पाच-सहाशे चौरस फुटांचा एक फ्लॅट घ्यायचा, मधून पार्टिशन घालून त्याचे चार, पाच, कधी सहा तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे दार, वेगळे कुलूप लावायचे. प्रत्येक तुकड्यात संडास हवा, पण मूळ घराला सांडपाण्याचा नळ एकच. म्हणून जमीन पायरीभर उंच करून त्याखालून पाइप काढतात. चुलीचा ओटा आणि संडास यांच्यात धड भिंतही नसते, भाताचा कुकर फ्लशच्या टाकीशेजारी बसतो. दुमजली पलंगाच्या खालच्या बाजूला माणसे झोपतात, वर संसार रचलेला. पोर गृहपाठ पलंगावरच करते, कारण टेबल उघडले तर दार उघडत नाही. खिडकी मूळ फ्लॅटच्या एकाच बाजूला होती, त्यामुळे ती कुणा एकाच्या वाट्याला येते आणि त्या तुकड्याचे भाडे चढे असते.

सरकारने नेमलेल्या कृती गटाने २०२१ मध्ये अशा घरांची पाहणी मांडली. १ लाखाहून थोडी जास्त घरे, त्यांत सुमारे २ लाख २६ हजार माणसे. मधला आकार १२४ चौरस फूट. मुंबईच्या माणसाला वेगळे सांगायला नको, ही दहा बाय बाराची खोली झाली आणि तिच्यातच मोरी, संडास, चूल सगळे आले. मधले भाडे महिन्याला ४,८०० हाँगकाँग डॉलर आणि मधले कौटुंबिक उत्पन्न १५,००० च्या आसपास. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा भाड्यातच गेला, शिवाय वीज आणि पाणी. कित्येक ठिकाणी मालक आपला सबमीटर लावून कंपनीच्या दरापेक्षा चढ्या दराने वीज विकत असे. जानेवारी २०२२ मध्ये कायदा आला, तेव्हा कुठे ही जादा वसुली गुन्हा ठरली. पहिल्या दोन वर्षांच्या करारानंतर आणखी दोन वर्षे राहण्याचा हक्क मिळाला आणि भाडेवाढीला १० टक्क्यांची मर्यादा आली.

अशा घरात राहणाऱ्याला 'मग दुसरीकडे का जात नाही' असे विचारले, तर कँटनीत एक उत्तर तयार आहे : केस असलेल्याला टकलू व्हायची हौस असते का? हे उत्तर ज्यांना ऐकवायला हवे, ते असल्या जिन्याने सहसा चढत नाहीत.

आता तो मागची पिढी आणि कष्टांचा मुद्दा. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई इथल्या झोपडपट्टीला आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे एका रात्रीत उघड्यावर आली. त्या आगीनंतर ब्रिटिश वसाहती सरकारने आपण होऊन घरे बांधायला घेतली. पहिल्या इमारती इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराच्या, मजल्यावर संडास आणि नळ सामायिक, आणि पाच मोठ्या माणसांना मिळून १२० चौरस फुटांची खोली. (त्यांतली एक इमारत, मेई हो हाउस, अजून उभी आहे.) १२० चौरस फूट तेव्हा आणि १२४ चौरस फूट २०२१ मध्ये. आज एका खोलीत सरासरी दोन-सव्वादोन माणसे राहतात, पाच नव्हेत, हा फरक मान्य करायलाच हवा. पण तेव्हाची खोली आगीतून वाचलेल्या निर्वासितांसाठी सरकारने स्वस्त भाड्याने दिलेली होती. आजची खोली जगातल्या एका अतिश्रीमंत शहरात बाजारभावाने घेतलेली आहे.

१९७२ मध्ये गव्हर्नर मरे मॅक्लेहोस यांनी १० वर्षांत १८ लाख लोकांना घरे देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. शहराची लोकसंख्या तेव्हा ४० लाखांच्या आसपास होती. ठरल्या वेळेत काम पुरे झाले नाही, मुदत वाढवावी लागली, पण घरे उभी राहिली, नवी उपनगरे वसली. पुढे मध्यम उत्पन्नाच्या लोकांना कमी किमतीत विकत घेता येतील अशा घरांची योजनाही निघाली. लायन रॉकखालच्या त्या पिढीने कष्ट केले यात शंकाच नाही. पण दिवसभर कारखान्यात राबून ती सरकारी घरात परतत होती. भाडे कमी होते म्हणून चार पैसे शिल्लक पडत होते आणि त्या शिल्लकीतून मुलांचे शिक्षण होत होते. कष्टांना पकड होती ती अशी. आजही शहरातले सुमारे ३० टक्के लोक सरकारी भाड्याच्या घरांत राहतात, म्हणजे ही व्यवस्था मेलेली नाही. मात्र तिचे दार आता फार हळू उघडते.

पकड सुटली ती सांगून-सवरून. १९९७ मध्ये ब्रिटिशांनंतरचे पहिले मुख्य प्रशासक तुंग ची-ह्वा यांनी वर्षाला ८५,००० घरांचे लक्ष्य जाहीर केले. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट आले, किमती कोसळल्या. कर्ज काढून घर घेतलेल्यांचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठे झाले आणि ते लोक संतापले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. सरकारने त्यावर उपाय काय केला? नोव्हेंबर २००२ मध्ये गृहनिर्माण मंत्री माइकल सुएन यांनी नऊ उपाय जाहीर केले. सरकारी मालकीहक्काच्या घरांची बांधणी आणि विक्री थांबली, जमिनीचे लिलावही थांबले. किमती सावरण्यासाठी पुरवठा आवळला गेला. किमती सावरल्या आणि सावरून थांबल्या नाहीत. २०२१ च्या आकड्यांवर आधारलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत हाँगकाँगमधले मधल्या किमतीचे घर मधल्या उत्पन्नाच्या २३.२ पट महाग निघाले. म्हणजे एक कुटुंब २३ वर्षे न खाता-पिता सगळे उत्पन्न बाजूला टाकील तेव्हा घर. पहिले घर घेण्याला तिथे 'गाडीत चढणे' म्हणतात, सरकारी घर मिळण्याला 'वर जाणे'. लाखो लोकांना यातले काहीच जमत नाही.

सरकारच्या हाती पकड नाही, ही सबब तपासायला हवी, कारण हाँगकाँगमध्ये ती सर्वात कमी टिकते. एक जुने कॅथेड्रल सोडले तर शहरातली सगळी जमीन सरकारी आहे : कायद्याने चीनच्या राज्याची, कारभार हाँगकाँग सरकारचा. सरकार ती भाडेपट्ट्याने देते आणि त्यातून पैसा कमावते. २०२१-२२ मध्ये जमिनीच्या प्रीमियमपोटी तिजोरीत १४० अब्ज हाँगकाँग डॉलरहून अधिक आले. दोन वर्षांत बाजार पडला आणि हाच आकडा २० अब्जांच्या आसपास घसरला. कर कमी, तिजोरी भरलेली आणि जमीन महाग, हा तिथला जुना सौदा. त्यात सरकार हे स्वतःच सर्वात मोठे जमीनदार आहे आणि जमिनीचा भाव उतरला की त्याचेच पोट उपाशी राहते. ज्याला किंमत पडायला नको आहे, त्याने स्वस्त घरांच्या प्रश्नाला 'गुंतागुंतीचा' म्हणावे यात नवल नाही.

जमीन नाही, हे दुसरे उत्तर. डोंगराळ प्रदेश आहे आणि सुमारे ४० टक्के भाग राखीव उद्यानांत आहे, हे खरे. त्या उद्यानांना हात लावू नये असे मलाही वाटते. दाट वस्तीतल्या माणसाला रविवारी चालायला जाण्याजोगी तेवढीच जागा उरली आहे. पण न्यू टेरिटरीज या उत्तरेकडच्या भागात गोदामे, कंटेनरचे थप्पे, भंगाराचे वाडे यांखाली किती जमीन आहे, हे सरकारच्या नियोजन खात्यानेच २०१९ मध्ये मोजले : १,५७९ हेक्टर. १९७२ पासून आणखी एक धोरण चालू आहे. १८९८ साली तिथे राहणाऱ्यांच्या पुरुष-वंशातल्या प्रत्येक मुलाला १८ व्या वर्षी तीन मजली घर बांधण्याचा हक्क. मुलीला नाही. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क कायम ठेवला. अशा गावठाणांसाठी राखलेली आणि रिकामी पडलेली सरकारी जमीन ९०० हेक्टरांहून जास्त असल्याचे सरकारने २०१२ मध्ये सांगितले होते. तिच्यातली बरीच तुकड्या-तुकड्यांत आहे, सगळी बांधकामाला चालणार नाही, हे मान्य. पण फॅनलिंगचे गोल्फ मैदान काही तुकड्यांत नव्हते. १७२ हेक्टरांपैकी ३२ हेक्टर परत घेऊन त्यातल्या काही भागावर सुमारे १२,००० सरकारी घरे बांधायची योजना होती. त्यासाठी वर्षानुवर्षे चर्चा, आयोग, सुनावण्या झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्लबच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पर्यावरण अहवालाची मंजुरी रद्द केली. न्यायालयाने कायद्याप्रमाणे निकाल दिला, त्याबद्दल तक्रार नाही. क्लबला कोर्टाची पायरी चढता येते आणि शाम शुई पोच्या भाडेकरूला आपल्या रांगेबद्दल कुणावर दावा लावायचा हेच कळत नाही, हा फरक मला सलतो.

त्या रांगेबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण उंदराची नखे सटकतात ती नेमकी तिथे. सरकारी भाड्याच्या घरासाठी अर्ज केल्यापासून सरासरी तीन वर्षांत घर देऊ करायचे, हे सरकारने स्वतःच ठरवलेले लक्ष्य. २०२२ मध्ये ही सरासरी ६.१ वर्षांवर गेली. २०२५ च्या मध्यापर्यंत ती उतरून पाच वर्षांच्या थोडी वर आली. पण मध्यंतरी तात्पुरत्या साध्या सरकारी घरांत गेलेल्यांनाही धरून सरासरी काढायची नवी पद्धत आली, तेव्हा या घसरणीने लगेच हुरळून जाऊ नये. शिवाय हे तीन वर्षांचे वचन सर्वांना नाहीच. म्हातारपण न आलेला एकटा माणूस, म्हणजे तिशीतला वेटर, चाळिशीतली सफाई कामगार, २००५ पासून वेगळ्या गुणपद्धतीत टाकला आहे. वय वाढेल तसे गुण वाढतात आणि ४५ गाठल्यावर एकदम ६० गुण मिळतात. वर्षाला जास्तीत जास्त २,२०० घरे. सरासरीच्या आकड्यात ही माणसे मोजलीच जात नाहीत. म्हणजे २५ व्या वर्षी अर्ज करणाऱ्याला सरकार जणू सांगते, तू म्हातारा हो, मग बघू. या माणसाने आणखी कोणते कष्ट करावेत? ओव्हरटाइम केला तर उत्पन्नाची मर्यादा ओलांडून तो रांगेतूनच बाहेर फेकला जाईल. जोर वाढवला की पकड आणखी सुटते.

जुलै २०२१ मध्ये बीजिंगच्या हाँगकाँग-मकाऊ कार्यालयाचे प्रमुख शिया बाओलोंग यांनी २०४९ पर्यंत हाँगकाँगने असली तुकड्यांची घरे आणि 'पिंजरा-घरे' (नुसता पलंग भाड्याने मिळतो अशा जागा) संपवावीत असे सांगितले. त्यानंतर हालचाल झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्य प्रशासक जॉन ली यांनी किमान दर्जाच्या घरांचा कायदा आणण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२५ मध्ये तो मंजूर झाला आणि मार्च २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. किमान ८ चौरस मीटर, खिडकी, स्वतःचा संडास, अग्निसुरक्षा. नियम चांगले आहेत आणि ते फार पूर्वी यायला हवे होते.

किती पूर्वी, याचे उत्तर मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. १८८२ मध्ये ऑस्बर्ट चॅडविक या इंजिनीअरने हाँगकाँगच्या चाळवजा घरांवर अहवाल लिहिला : पार्टिशनच्या अंधाऱ्या कोठड्या, हवा नाही, उजेड नाही, मैला काढायची धड सोय नाही. घरमालकांच्या विरोधापुढे सुधारणा रखडल्या. १८९४ मध्ये ताय पिंग शान या दाटीच्या वस्तीत प्लेग फुटला. तिथून जहाजांच्या मार्गाने तो बहुधा मुंबईत पोचला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रोगी ओळखला. मुंबईत त्यातून १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, बीआयटी चाळी आल्या. हाँगकाँगमध्ये १९०३ चा आरोग्य आणि इमारत कायदा आला. दाटीच्या घरांचा प्रश्न सोडवता येत नाही, असे साथ येईपर्यंत दोन्ही शहरांत म्हटले जात होते. साथ श्रीमंतांच्या दारापर्यंत आली आणि अचानक हात घालायला जागा सापडली.

म्हणून २०२५ च्या कायद्याकडे बघताना मला पहिला प्रश्न पडतो तो असा : खोली नियमात बसत नाही म्हणून बंद झाली, तर आतला माणूस कुठे जाईल? सरकारच्याच अंदाजाने सुमारे १ लाख १० हजार घरांपैकी ३० टक्के नियमात बसत नाहीत. मालक पाच तुकड्यांचे तीन करील, भिंतीत नवी खिडकी पाडील आणि खर्च भाड्यात चढवील. उरलेल्या दोन कुटुंबांनी काय करायचे? ३०,००० साधी सरकारी घरे त्यासाठीच आहेत, असे सरकार सांगते. पण ज्याला बाहेर पडावे लागेल त्याला त्यातलेच घर मिळेल, असा हक्क कायद्याने दिलेला नाही. दुसरी गोष्ट, जिथे माणूस खोलीऐवजी नुसता पलंग भाड्याने घेतो, त्या पिंजरा-घरांना हा कायदा लागूच नाही. त्यांना १९९४ चा वेगळा कायदा आहे. सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस पुन्हा बाहेरच राहिला. नव्या कायद्याने हटवलेला भाडेकरू त्याच पलंगापर्यंत घसरू शकतो, ही भीती मला खोटी वाटत नाही.

हे सगळे बोलायचे कुणी? विधिमंडळात ९० जागा आहेत आणि थेट लोकांनी निवडलेल्या त्यातल्या फक्त २०. बांधकाम आणि जमीन व्यवसायासाठी राखीव जागा आहे, न्यू टेरिटरीजच्या ग्रामप्रमुखांच्या संस्थेसाठीही आहे. भाडेकरूंसाठी नाही. कासवाची पाठ गुळगुळीत का राहिली, याचे उत्तर भूगोलापेक्षा मला इथे जास्त सापडते. लिलाव थांबवण्यासाठी, गावठाणाचा हक्क टिकवण्यासाठी, मैदान वाचवण्यासाठी दरवेळी कुणाच्या तरी हाताला पकड मिळालीच. पार्टिशनमागच्या माणसाला तेवढी मिळाली नाही.

मग मागायचे काय? जी खोली नियमाने बंद होईल, तिच्यातल्या माणसाला सरकारी किंवा तात्पुरते घर मिळण्याचा हक्क कायद्यातच लिहावा, नुसते आश्वासन नको. पलंगभाड्याच्या जागा त्याच कायद्याखाली आणाव्यात. भंगाराच्या वाड्यांची जमीन आधी, उद्याने कधीच नाहीत, असा क्रम ठरवून तो तारखांसह जाहीर करावा. एकट्या माणसांची वर्षाची २,२०० ची मर्यादा काढून त्यांची सरासरीही इतरांच्या शेजारी छापावी, तात्पुरती घरे न धरता. आणि ४० वर्षांच्या एकट्या सफाई कामगाराला अर्ज भरतानाच खिडकीवर सांगता आले पाहिजे की तिचे घर कोणत्या वर्षी येईल.